‘एका ओळीत होतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

मॅट्रिक्सचे (आकड्यांच्या तक्त्याचे) अवयव हाताने पाडून शिका, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. क्यूआरच्या (एकमेकांना काटकोनात असलेले रकाने गुणिले त्रिकोणी मॅट्रिक्स, अशी फोड) उदाहरणात माझ्याकडून एक ऋण चिन्ह सुटलं होतं, ते तुम्ही दाखवलंत. चूक माझीच, दुरुस्त केली आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य: ‘जे एका ओळीच्या कोडमध्ये होतं, त्यासाठी वही-पेन घेऊन मॅट्रिक्सचे अवयव पाडायला सांगणाऱ्याने स्वतः कधी मॉडेल बनवलेलं नसणार.’ पहिला अर्धा भाग मतभेदाचा आहे, त्यावर बोलू. पण दुसरा अर्धा कशासाठी? मी काय काम करतो हे तुम्हाला ठाऊक नाही, विचारलंही नाहीत, थेट ठरवून मोकळे झालात. मुद्दा पटला नाही तर खोडून काढा. माणसाची लायकी काढण्याची ही कुठली पद्धत?

विषय काढलाच आहे तर सांगतो. अकरा वर्षं मी हेच काम करतोय आणि सुरुवातीला माझाही त्या एका ओळीवरच भरवसा होता. एका रिग्रेशनच्या (डेटावर अंदाजाचं सूत्र बसवायच्या) कामाच्या डेटात तापमानाचे दोन रकाने होते, एक सेल्सिअसचा आणि दुसरा त्यावरूनच काढलेला फॅरनहाइटचा. मी नॉर्मल इक्वेशन मांडून (म्हणजे मॅट्रिक्सला त्याच्याच ट्रान्सपोजने, ओळी-रकाने अदलाबदल केलेल्या रूपाने, गुणून) इन्व्हर्स, म्हणजे व्यस्त मॅट्रिक्स, काढला. कोड चालला, एरर नाही. एक सहगुणक प्रचंड धन, दुसरा तसाच प्रचंड ऋण. तीन दिवस मी डेटा साफ करत बसलो. शेवटी एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन, मॅट्रिक्सची आणखी एक फोड) केलं, तर शेवटची सिंग्युलर व्हॅल्यू जवळजवळ शून्य. एक रकाना दुसऱ्यावरूनच आलाय असं ते शून्य सांगतंय हे कळलं, कारण दोन बाय दोनचं एसव्हीडी कधीकाळी हाताने केलं होतं. लायब्ररीने आकडा दिला होता, अर्थ नाही.

हे माझ्या शब्दावर मानू नका, वहीवर करून बघा. तीन ओळी, दोन रकाने. पहिला रकाना १, ०.०००००००१, ०. दुसरा १, ०, ०.०००००००१. दोन्ही रकाने स्वतंत्र आहेत, दिसतंच आहे. आता नॉर्मल इक्वेशनसारखं ट्रान्सपोजने गुणा. कर्णावर १ अधिक त्या छोट्या संख्येचा वर्ग येतो, आणि तो वर्ग सोळाव्या दशांशस्थळी जाऊन पडतो. ६४ बिटच्या फ्लोटमध्ये ही बेरीज बरोब्बर १ होते. चारही जागी १, डिटरमिनंट शून्य, म्हणजे इन्व्हर्सच नाही! तुमची एक ओळ इथे मेली. क्यूआर मात्र तो गुणाकार करतच नाही, मूळ रकान्यांवर चालतं, म्हणून दोन्ही रकाने शाबूत राहतात. नॉर्मल इक्वेशनमध्ये कंडिशन नंबरचा (छोट्या चुकीने उत्तर किती बिघडू शकतं त्याच्या मापाचा) वर्ग होतो असं लेखात लिहिलं होतं, ते हेच. तुम्ही तो परिच्छेद वाचला असेल असं प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

आणि नमपाय या पायथनच्या लायब्ररीचं लीस्ट स्क्वेअर्सचं (चुकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारं) फंक्शन आतून एसव्हीडीच करतं. गोलुब आणि काहान या गणितज्ञांनी १९६५ मध्ये ते काढायची भरवशाची रीत मांडली, म्हणून आज तुमचं काम एका ओळीत होतं.

टेन्सर (मॅट्रिक्सहून जास्त मितींचे तक्ते) राहिले, एलयू (दोन त्रिकोणी मॅट्रिक्समधली फोड) जुनाट झालं, लेख लांबला, या तुमच्या बाकीच्या तक्रारींवर मला काही म्हणायचं नाही. लांब वाटला तर अर्ध्यात सोडायचा होता.

वरच्या मॅट्रिक्सचं क्यूआर हाताने काढा. त्यात माझी चूक सापडली तर आकड्यांसकट लिहा, इथेच जाहीर मान्य करेन.