पत्ता नंतर कळवू

रात्री बाहेर पडायचं म्हटलं की तरुणपणी एकच अडचण असायची, घरी काय सांगायचं. आता घरी कुणी फारसं विचारत नाही, पण जायचं कुठे हे निघेपर्यंत मलाच ठाऊक नसतं. "कुठे निघालात?" असं बायकोने विचारलं, तेव्हा मी "ते साडेदहाला कळेल" असं अगदी खरं उत्तर दिलं. ती ज्या नजरेने माझ्याकडे बघत राहिली, ती नजर आजवर फक्त विजेच्या बिलाच्या वाट्याला आली होती.

ह्या सगळ्याच्या मुळाशी माझा भाचा. त्याचं म्हणणं असं, की मी ज्याला संगीत म्हणतो ते लिफ्टमध्ये वाजतं आणि मी ज्याला नाइटलाइफ म्हणतो ते जेवण असतं. "खरं संगीत जाहिरात करत नाही, मामा." करत नाही म्हणजे करतं, पण अशा बेताने, की कुणाला काही कळू नये. त्याने पाठवलेल्या पोस्टरवर काळ्या रंगात एक करडा धुरकट डाग होता. गुडघ्याचा एक्स-रे असावा असं समजून मी "कुणाचा रे? डॉक्टर काय म्हणाले?" असं कळवळून विचारलं. डागाखाली तारीख होती आणि तारखेखाली 'पत्ता नंतर कळवू'. कलाकारांची नावंही होती म्हणे, पण ती अशा काटेरी अक्षरांत, की त्यांत माझं नाव असतं तरी मला सापडलं नसतं.

पत्ता लपवायची ही रीत काही आजची नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गाच्या आसपास, शेतांत आणि रिकाम्या गोदामांत रात्रभर नाच चालायचे. पोरांकडे फक्त एक फोन नंबर असायचा. रात्री उशिरा तो फिरवला की रेकॉर्ड केलेला आवाज पुढचा ठिकाणा सांगायचा. पोलिस पोचायच्या आत पुरेशी माणसं जमली की मग थांबवणार कोण, असा साधा हिशेब. उलट ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू ह्या इमारतीतल्या करमणुकीच्या खोलीत डीजे कूल हर्कने जी पार्टी वाजवली, जिथून हिपहॉपचा जन्म मोजतात, तिची निमंत्रणं त्याच्या बहिणीने चक्क हाताने लिहून वाटली होती. तिला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिकीट लावलं. ज्याला गर्दी हवी तो पत्ता देणारच, असं मी भाच्याला समजावलं. तो म्हणाला, "गर्दी नकोच आहे, मामा." मग मला कशाला बोलावलंस, हा प्रश्न मी गिळला.

साडेदहाचा निरोप पावणेबाराला आला. त्यात पत्ता नव्हता, नकाशावरचा एक ठिपका होता. तो ठिपका शहराच्या त्या भागात पडला होता, ज्याला सध्या 'चांगले दिवस' आलेत. एकेकाळी तिथे छापखाने, गॅरेजं आणि गोदामं होती आणि संध्याकाळी सातनंतर तिकडे फिरकायची कुणाची छाती नव्हती. आता सातनंतर तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही.

आणि इथेच माझ्यासारख्याची खरी परीक्षा सुरू होते. गुप्त जागा म्हणजे कशी असेल, ह्याचा माझ्या डोक्यात एक ठोकळ नमुना होता: पाटी नाही, पोपडे उडालेली भिंत, गंजका दरवाजा, वर मिणमिणता दिवा, बाहेर कंटाळलेली दाढीवाली पोरं. अशी जागा मला लगेच सापडली. मग तशीच दुसरी सापडली. मग लक्षात आलं की ती अख्खी गल्लीच तशी आहे. पहिल्या गंजक्या दरवाजामागे कुत्र्यांचं पार्लर निघालं. दुसऱ्यात हाताने केलेले साबण. तिसऱ्यात तर एक बाई पुढच्या वर्षापर्यंतच्या मातीकामाच्या शिबिरांची नोंदणी करून घेत होत्या, आणि मी सांकेतिक शब्द म्हणून हळूच "आज रात्री आहे ना?" असं विचारल्यावर त्यांनी आतून एका धिप्पाड गृहस्थांना हाक मारली.

मी एका भिंतीचा गंज बोटाने खरवडून पाहिला. निघेना. तो गंज नव्हताच, गंजाच्या रंगाचा रंग होता आणि वरून वॉर्निशचा हात दिलेला. शेजारच्या भिंतीवर प्लास्टर नव्हतं. ज्या काळी ही इमारत उभी राहिली त्या काळी प्लास्टर परवडलं नसेल, असं मला वाटलं. पण कोपऱ्यात खाली, नळाच्या पाइपामागे, जुन्या प्लास्टरचा एक तुकडा शिल्लक होता. म्हणजे ते होतं. पैसे मोजून काढलं होतं. आजवर प्लास्टर पडतं म्हणून मालकांना नोटिसा धाडण्यात माझी उमर गेली, आणि इथे लोक ते पाडून भाडं वाढवतात!

ह्यामागचं चक्र आता सगळ्यांना पाठ आहे. कारखाना बंद पडतो, भाडं उतरतं, कुणाला नको असलेल्या जागेत आवाज करायला मोकळीक मिळते. म्हणून तर बर्लिनची भिंत पडल्यावर १९९१ मध्ये 'ट्रेझोर' हा क्लब सुरू झाला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत. न्यूयॉर्कचं 'पॅरडाइज गॅरेज' खरोखरीच्या पार्किंग गॅरेजात होतं. मँचेस्टरचं 'हासिएन्डा' १९८२ मध्ये उघडलं ते एके काळी बोटींचं शोरूम असलेल्या गोदामात. मग संगीतामागून चित्रकार, चित्रकारांमागून कॉफी, कॉफीमागून इस्टेट एजंट. एजंट आला की संगीताने गाशा गुंडाळायचा. 'ट्रेझोर'ला २००५ मध्ये ती तिजोरी सोडावी लागली. दोन वर्षांनी ते एका जुन्या वीजकेंद्रात गेलं. 'हासिएन्डा' पाडून तिथे फ्लॅट बांधले, आणि इमारतीला नाव काय दिलं? हासिएन्डा! न्यूयॉर्कच्या ज्या 'सीबीजीबी' क्लबने पंक संगीताला छप्पर दिलं, ते भाड्याच्या वादात २००६ मध्ये बंद झालं आणि दोन वर्षांत तिथे महागड्या कपड्यांचं दुकान आलं. भिंतीवरची जुनी पत्रकं मात्र दुकानदाराने प्रेमाने जपली. ज्याला घालवायचं त्याचा फोटो भिंतीवर लावायचा, ही माणसाची जुनी खोड.

तर असा मी गंजक्या गल्लीत घिरट्या घालत असताना भाच्याचा फोन आला. "मामा, तू ठिपक्यावरच उभा आहेस."

मी वर पाहिलं. स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली पाटी होती: 'बाथरूम फिटिंग्ज व टाइल्स, घाऊक व किरकोळ'. अख्ख्या गल्लीत तेवढी एकच जागा अशी होती, जी कशाचंही सोंग करत नव्हती. शोकेसमध्ये तीन कमोड. त्यांच्या शेजारून एक अरुंद जिना, आणि जिन्यापाशी प्लास्टिकच्या स्टुलावर एक पोरगा. गुप्तपणाचं म्हणाल तर ह्याहून बेमालूम काही असू शकत नाही. कमोडकडे कोण दुसऱ्यांदा बघतो?

पोरगा मला बघताच ताडकन उठला. माझा इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातातली छत्री, हे सगळं त्याने एका नजरेत जोखलं आणि खिशातल्या वॉकीटॉकीत पुटपुटला. वरून इतका वेळ जो घुमघुम आवाज येत होता तो एकदम बंद झाला.

"सॉरी काका," तो हात जोडून म्हणाला, "कमी केलाय आवाज. तुम्ही झोपा जाऊन."

समोरच्या टॉवरमधून कुणीतरी तक्रार घेऊन आलंय, अशी त्याची खात्री झाली होती. ह्यात त्याची चूक म्हणता येत नाही. टॉवरमधून रोज कुणीतरी येतंच. भाच्याने खाली येऊन "अरे, हा माझा मामा आहे, ऐकायला आलाय" असं सांगितल्यावरही त्या पोराचा विश्वास बसायला वेळ लागला. मग माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर त्याने गोल स्टिकर चिकटवला आणि मला वर सोडलं. सगळा आवाज बंद पाडून क्लबमध्ये शिरणारा दुसरा माणूस असेल असं वाटत नाही.

टॉवरची जाहिरात मी पाहिली आहे. 'शहराच्या धडधडत्या हृदयात' असं तिच्यात लिहिलंय. लोक ते हृदय बघून फ्लॅट घेतात आणि पहिल्याच रात्री फोन करतात की धडधड होते. त्यांचंही अगदीच खोटं नाही. सनईचा सूर खिडकी लावली की अडतो. ५० हर्ट्झच्या बेसची एकेक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, ती खिडकी-पडदा जुमानत नाही, भिंतीलाच हलवून पलीकडे जाते आणि थेट गादीत उतरते. अडवायची तर जाड, जड भिंत हवी, आणि खोलीत आणखी एक सुटी खोली बांधावी लागते. प्रश्न एवढाच, की तिचे पैसे कुणी द्यायचे? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडच्या नियोजन धोरणाने २०१८ मध्ये ह्याचं उत्तर दिलं: जो नंतर आला त्याने. इतकी सरळ गोष्ट सुचायला सरकारांना एवढी वर्षं का लागावीत, देव जाणे. बहुधा ती सगळी लवकर झोपत असावीत.

तसं नाचाच्या बाबतीत सरकारांचं डोकं भलतीकडेच चाललेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून खास परवाना नसेल तर बारमध्ये नाचायला बंदी होती, ती उठली २०१७ मध्ये. इंग्लंडने १९९४ च्या कायद्यात कुठल्या संगीताला हटकायचं ह्याची व्याख्याच करून टाकली: एकामागून एक येणारे, पुन्हा पुन्हा पडणारे ठोके. ह्या व्याख्येत आमच्या वरच्या मजल्यावरची खलबत्त्याची सकाळही बसते. जपानमध्ये मध्यरात्रीनंतर क्लबात नाचणं कित्येक दशकं बेकायदा होतं. २०१५ मध्ये कायदा बदलला, पण रात्रभर नाचायचं तर दिवे १० लक्सपेक्षा मंद नकोत अशी अट घातली. कुणीतरी अधिकारी प्रकाशमापक घेऊन नाचणाऱ्यांमधून फिरत असेल, हे चित्र मला फार आवडतं. ॲमस्टरडॅमवाले शहाणे, त्यांनी रात्रीसाठी वेगळा महापौरच निवडला. दिवसाच्या महापौराला रात्रीचं काही विचारू नये, हे कुठल्याही शहरात खरं.

वर गेलो. गोदामाची लांबट खोली, एका बाजूला टाइल्सची खोकी छतापर्यंत रचलेली. त्यामुळे म्हणे आवाज छान बसतो. पन्नासेक माणसं. एक मुलगी टेबलावर वायरींचं भेंडोळं पसरून बसली होती आणि एक वायर काढून दुसरीकडे खुपसली की खोलीचा नूर पालटायचा. सूर वगैरे नव्हतेच. आधी नुसती एक घरघर, मग तिच्यात लांबून कुणी दार ठोठावतंय असा ठेका, मग तो ठेका बरगड्यांत. खोक्यांतल्या टाइल्स हलकेच किणकिणायला लागल्या आणि ती किणकिण तिने बरोबर हेरली, वायर काढली, ठेका थांबवला, आणि अख्ख्या खोलीत क्षणभर फक्त त्या टाइल्स वाजत राहिल्या. मी म्हटलं, वा! तोंडातून निघूनच गेलं. आजूबाजूच्या पोरांनी चमकून पाहिलं. तिथे दाद द्यायची पद्धत नसावी.

भाच्याने कानात घालायला बोळे दिले. ८५ डेसिबलला माणसाचा कान आठ तास टिकतो, पण दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. दीड तास दरवाजा शोधून पंधरा मिनिटं ऐकायचं, हा व्यवहार मला तोट्याचा वाटला, म्हणून बोळे घातले.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर मला एक लाल ठिपका दिसला. बाकीचे दिवे ठेक्यावर लुकलुकत होते; हा मात्र ठेका सोडून आपल्याच नादात होता. आधी कोपऱ्यात, मग छताला, मग खिडकीच्या चौकटीवर, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन सेकंद. ह्या प्रकाशयोजनेतही काहीतरी प्रयोग असेल, म्हणून मी मनापासून बघत राहिलो. मग ठिपक्याचा माग काढत मागे वळलो. खांबाला टेकून एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चष्मा. हातात जागा मोजायचं लेझर यंत्र. वयाच्या मानाने मीच तिथे त्यांना बोलण्यालायक वाटलो असणार. ते कानाशी येऊन ओरडले, "कार्पेट किती असेल हो हे सगळं? उंची मस्त आहे!"

मी बोळे काढले.

"उंची आहे," मी म्हटलं, "पण भानगड आहे. तीन भावांचा दावा लागलाय कोर्टात. चौथा परदेशात, तो सही करत नाही. ह्या भिंतीला ओल, त्या भिंतीला वाळवी. आणि खालचा कमोडवाला जुना भाडेकरू आहे, तो हलायचा नाही."

लाल ठिपका विझला. गृहस्थांनी यंत्र खिशात टाकलं, माझे मनापासून आभार मानले आणि जिन्याकडे वळले. भाचा शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मामा," तो म्हणाला, "पुढच्या वेळचा पत्ता तुला आदल्या दिवशीच देतो."

जिन्यातून ते गृहस्थ परत वर आले. "जरा सांगता का," त्यांनी विचारलं, "शेजारच्या साबणवाल्याच्या जागेचे किती भाऊ आहेत?"

"एकच," मी म्हटलं. "आणि तो उद्याच द्यायला तयार आहे."