बोंडल्याचा गवा
सिंह-जिराफ नसलेल्या लहान प्राणिसंग्रहालयात मुलांना कशाला न्यावे, हा लेखातील प्रश्न मला पटला नाही. गोव्यातल्या आमच्या बोंडल्याच्या अभयारण्यात, जे जेमतेम 8 चौरस किलोमीटरचे आहे, असेच लहान प्राणिसंग्रहालय असून तिथे इथल्याच रानांतून सुटका करून आणलेले प्राणी सांभाळले जातात. बिबटा विहिरीत पडतो किंवा रानडुकरांच्या फासात अडकतो, हे गोव्यात नवे नाही. गेल्या खेपेस गवा अगदी कुंपणापाशी उभा होता: काळाभोर देह आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय. राज्यप्राणी इतक्या जवळून पाहून नातू गप्पच झाला (एरवी ते दुर्मीळच). झोपलेल्या बिबट्याला उठवण्यासाठी जाळी वाजवत होती ती मात्र मोठी माणसे. गुरुवारी हे प्राणिसंग्रहालय बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे.