विजापूर एका दिवसात कसं उरकावं

सांगलीतून पहाटे साडेपाचला सुटणाऱ्या सहलीच्या बसपाशी तुम्ही पाचलाच हजर असाल, तर तुम्ही नवखे आहात. जाणकार माणूस सहाला फोन उचलतो आणि अंथरुणातूनच सांगतो, "हा काय, कोपऱ्यावर आलोय." बस थांबते. थांबेल नाहीतर काय करेल? पैसे आगाऊ भरलेत, आणि भडंगाचा डबाही तुमच्याकडंच आहे.

खिडकीसाठी भांडावं, मिळाली की पडदा ओढून झोपावं. जतला नाश्त्याला वीस मिनिटं देतात, ती तासभर पुरवणं आपल्या हातात असतं. मिसळ मागवायची, समोर आली की "लई तिखट आहे का हो?" म्हणून डोसा सांगायचा. हा तास पुढं कुठूनतरी कापला जाईल, पण त्याची चिंता नको. कापायला इब्राहिम रोजाचा मकबरा आहे की!

गोलघुमटाशी गाईड सांगू लागतो : ही मोहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ साली पुरी झाली, घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर, आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी हा भार कसा तोलला, इथवर तो आला की विचारावं, "बाथरूम कुठंय?" नंतर "अफझलखानाचं सांगा" म्हणावं. त्यानं तोंड उघडलं, की प्रतापगडावर १६५९ साली काय झालं ते आपणच त्याला ऐकवावं. प्रतापगड आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, त्याला काय कळतंय?

मग मनोऱ्यातल्या अरुंद जिन्यानं वर. घुमटाच्या आतल्या गोल सज्जात भिंतीशी तोंड नेऊन नुसतं पुटपुटलं, तरी पार समोरच्या टोकाला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. म्हणूनच तिथं पुटपुटू नये. दोन्ही हात तोंडाशी धरून "ओ पिंट्याऽऽऽ" अशी आरोळी ठोकावी. पिंट्या शेजारीच उभा असतो, ते सोडा. आरोळी घुमून परत येतेय तोवर कुठल्यातरी शाळेची पोरं शिट्ट्या सुरू करतात. तिकडं एक नवं जोडपं भिंतीला कान लावून बसलेलं असतं, ती या टोकाला, तो त्या टोकाला. ती हळूच काहीतरी बोलते, लाजते, आणि उत्तराची वाट बघते. त्याला पिंट्या ऐकू गेलेला असतो.

मुलुखमैदान तोफेपुढं फोटो काढावा. तोफेचं तोंड म्हणजे हत्ती गिळणाऱ्या सिंहाचा जबडा. पण ग्रुप फोटोत तो काकूंच्या पर्समागं जातो. १८५४ साली ही ५५ टनांची तोफ लिलावात १५० रुपयांना गेली होती, मग तो व्यवहार रद्द झाला. हळदीच्या सौद्यात वाढलेला सांगलीकर हे ऐकून मनातल्या मनात सव्वाशेला मागून बघतो.

एव्हाना तीन वाजलेले असतात आणि भूक खवळलेली असते. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी. इथं मात्र घाई करू नये. इब्राहिम रोजा बसमधूनच "डावीकडं बघा" म्हणून दाखवतात. डावीकडच्यांना मनोऱ्यांची टोकं दिसतात, उजवीकडच्यांना डावीकडच्यांची डोकी. तेच बरं. खाली उतरलात, तर गाईड तिथं निजलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाबद्दल बोलणार. गाण्याचा वेडा सुलतान, स्वतःच्या दखनी गीतांत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन करणारा, शिवाय आपली मिरजही त्या काळी आदिलशाहीतच. गणपतीच्या गावाहून आलेल्या माणसानं हे ऐकून करायचं काय? घरून पाठ करून आणलेला इतिहास उगाच विस्कटायचा.

परतीला अंताक्षरी, गाणी पाठ नसली तरी आवाज मोठा हवा. दुसऱ्या दिवशी कुणी विजापूरचा विषय काढलाच, तर "झालंय आमचं" एवढं म्हणावं आणि पुढच्या सहलीचे पैसे भरून टाकावेत. हंपी आहे. तीसुद्धा एका दिवसात.