पे-पे-पेची पीडा

म्युनिकमधल्या आमच्या घरातून संध्याकाळी 'पे-पे-पे' असा आवाज आला, तर वरात आली असं समजू नये. लॅटिन व्याकरणातल्या 'पार्टित्सिप पेर्फेक्ट पासिव्ह'ला जर्मन शाळेतली मुलं लाडाने पे-पे-पे म्हणतात. आपल्याकडे त्याला कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित विशेषण म्हणता येईल. हे ऐकल्यावर पे-पे-पेच बरं वाटायला लागतं.

इथल्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, सहावीला दुसरी परकीय भाषा घ्यावी लागते. लेकीने फ्रेंच सोडून लॅटिन घेतलं, कारण लॅटिन कोणी बोलायला लावत नाही. अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण "बाबाला संस्कृत येतं" अशी अफवा बायकोने पसरवून ठेवली आहे. मी दहावीला संस्कृत घेतलं होतं ते अख्ख्या वर्गासारखंच, मार्कांसाठी.

सुरुवात मात्र झकास झाली. लाउदारे म्हणजे स्तुती करणे, लाउदातुस म्हणजे स्तुती केलेला. हा 'तुस' म्हणजे कृत, गत, युक्तमधल्या आपल्या 'क्त' प्रत्ययाचा चुलतभाऊ. 'दातुस' आणि 'दत्त' तर एकाच धातूतले. लिंगाचीही भीती नाही: काप्तुस, काप्ता, काप्तुम म्हणजे काबीज केलेला, केलेली, केलेलं. जर्मन बाप जिथे घाम पुसतात तिथे आपण शीळ घालत निघालो, अशा थाटात मी पान उलटलं.

पुढच्या पानावर तिसरा गण होता. या गणात धातूकडे बघून रूप काढायची सोयच नाही. प्रत्येक क्रियापदाची चार मूळ रूपं घोकायची आणि चौथ्यातून पे-पे-पे उपसायचं. स्क्रीबोचं स्क्रिप्तुम, आगोचं आक्तुम, इथवर माणुसकी आहे. पण मित्तोचं होतं मिस्सुम. आणि 'वाहून नेणे' या साध्या कामासाठी फेरो, फेर्रे, तुली, लातुम! यातले तुली आणि लातुम निदान एका मुळाचे आहेत; फेरो सरळसरळ परक्या घरचा.

"ही काय भाषा आहे?" मी म्हणालो.

"बाबा, आपण 'जातो' म्हणतो ना? मग काल 'गेलो' कसे?"

मी पाणी प्यायला उठलो.

खरा छळ पुढेच आहे. लॅटिनच्या साध्या क्रियापदाला 'करून', 'जिंकून' असं काही जमतच नाही. "शहर जिंकून तो परतला" हे आपण बोलता बोलता म्हणून जातो. लॅटिनमध्ये ते "ऊर्बे काप्ता", म्हणजे 'शहर काबीज केलं गेलं असता'. कोणी केलं? ते आपण समजून घ्यायचं. सीझरच्या युद्धवर्णनात पानोपानी हेच: या गोष्टी कळल्या असता, ओलीस दिले गेले असता. या माणसाला मंत्रालयात तोंडी परीक्षेशिवाय घेतलं असतं. "निर्णय घेण्यात आला आहे" हे वाक्य त्याच्याइतकं सहज दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

यालाही अपवाद आहेतच. काही क्रियापदं दिसायला कर्मणी आणि वागायला कर्तरी. त्यामुळे लोकूतुस म्हणजे 'ज्याच्याविषयी बोललं गेलं तो' नव्हे, चक्क 'बोललेला'. असे लोक प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत असतात, "माझ्यावर लादलं हो" म्हणत सगळं स्वतःच ठरवणारे. लेकीला हे उदाहरण लगेच पटलं. तिने फक्त एकदा आईकडे पाहिलं, आणि मी विषय बदलला.

विषय बदलून पोचलो ते गेरुंडीवुमवर. हेही कर्मणीच, पण 'करायला हवं' अशा दमाचं. रोमचं वैरी शहर कार्थेज नष्ट करायलाच हवं असा धोशा थोरला केटो या रोमन पुढाऱ्याने लावला होता. त्याचं "कार्थागो देलेंदा एस्त" म्हणून प्रसिद्ध झालेलं वाक्य याच साच्यातलं. केटो गेला, आणि इसवी सनपूर्व 146 मध्ये कार्थेजही गेलं. काम कोणी करायचं ते इथे चतुर्थीत सांगतात: मिही, तिबी. मला, तुला. अगदी मराठीसारखं. ही गोष्ट मी उत्साहाच्या भरात लेकीला समजावून सांगितली.

जेवणं झाल्यावर ती ताटावरून उठली आणि म्हणाली, "बाबा, वासा तिबी लावांदा सुंत."

तुला भांडी घासायची आहेत. वासा नपुंसकलिंगी अनेकवचन, लावांदा नपुंसकलिंगी अनेकवचन, तिबी चतुर्थी. मराठीतही भांडी नपुंसकलिंगी अनेकवचन, घासायची तेच. डिशवॉशरमध्ये न जाणारी कढई आणि कुकर ओट्यावर होतेच. दोन्ही भाषांत चूक काढायला जागा सापडेना, तेव्हा बाह्या सरसावल्या.