रोज येणारा सभासद ‘निष्क्रिय’ कसा?

गेल्या महिन्यात बडोद्यातल्या आमच्या वाचनालयानं संगणकातून ‘दोन वर्षांत हालचाल नसलेल्या’ सभासदांची यादी काढली आणि सगळ्यांना मेसेज गेला, तुमचं सभासदत्व बंद करत आहोत. दुसऱ्या दिवशी चार वाजता यादीतले एक काका आले. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “अगं, मी रोज येतो ना इथे?”

रोजच येतात. दांडिया बाजारातून चालत येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. आधी मराठी पेपर, मग गुजराती, मग दिवाळी अंक. पुस्तक घरी नेत नाहीत, कारण संध्याकाळी घरच्या उजेडात त्यांना अक्षर लागत नाही. दाराशी सुतळीनं बांधलेल्या पेनानं केलेली त्यांची सही वहीत रोजची आहे. संगणकात मात्र तीन वर्षांपूर्वीची एक देवघेव, पुढे काही नाही.

आणि या यादीत कोण नव्हतं? आमचे एक जुने सभासद, ज्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची नात त्यांच्याच क्रमांकानं वेबसाइटवर पुस्तकं शोधते. लॉगिन झालं की तारीख पुढे सरकते.

सॉफ्टवेअरला मी दोष देत नाही. आम्ही कोहा वापरतो. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी १९९९ मध्ये तयार व्हायला लागलेलं, कुणालाही मोफत वापरता येणारं. त्यात सभासदाच्या नावापुढे ‘शेवटचे कधी दिसले’ अशी एक तारीख असते. ती कशानं बदलावी, हे नव्या आवृत्त्यांत आपण ठरवू शकतो: देवघेव, मुदतवाढ, आरक्षण, लॉगिन. खुर्चीत बसून वाचणं त्यात आपोआप येत नाही. टेबलावर वाचून ठेवलेलं पुस्तक ‘स्थानिक वापर’ म्हणून नोंदवता येतं, पण ती नोंद पुस्तकाच्या खात्यावर पडते, वाचकाच्या नाही.

या यादीवरून समितीत आता दुपारचा वाचनकक्ष आणि दोन पेपर बंद करायचं चाललंय. मला हे सहन होत नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ज्या बडोद्यात ग्रंथालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या, तिथे येऊन बसणारा वाचक हिशेबात धरायचा नाही?

दारात कार्ड स्कॅन करून हजेरी घेणारी सोय कोहाला जोडता येते, कितीतरी कॉलेजांत ती आहे. ती घ्या. फक्त आल्याची तारीख ठेवा, कोण काय वाचतंय याची नोंद अजिबात नको. लॉगिनला हजेरी समजू नका. आणि नाव काढण्याआधी एक फोन करा. एवढंच मी समितीला लेखी दिलंय.

काकांचं कार्ड त्याच दिवशी चालू केलं. बाकीची यादी मी रोज तासभर दाराशी बसून वहीशी ताडून बघतेय. आणखी चार जण सापडलेत, वही अजून अर्धी बाकी आहे.