प्रोसेस सुधारायचीय? मग टेबलापाशी जाऊ नका

अभिनंदन. वेंडरची बिलं वेळेत पास व्हावीत म्हणून जो प्रोजेक्ट निघालाय, त्याचे बिझनेस ॲनालिस्ट तुम्ही. समजा कंपनीचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत आहे, गोदाम भिवंडीला आणि मोठे साहेब बीकेसीला. वसईच्या कार्टनवाल्याचं बिल हातात पडल्यापासून पैसे सुटेपर्यंत सरासरी 36 दिवस जातात. तो रोज फोन करतो. फोनचा कंटाळा आला, म्हणून तुमची नेमणूक झाली.

पहिलं पथ्य असं, की बिलं जिथे पास होतात त्या टेबलापाशी अजिबात फिरकायचं नाही. तिथे खुर्ची टाकून बसलात तर दोन दिवसांत सगळं कळेल, आणि मग सहा महिन्यांचं बजेट लावणार कशाला? टोयोटाचे ताइची ओनो माणसाला कारखान्याच्या जमिनीवर खडूने आखलेल्या गोलात तासन्‌तास उभं करून नुसतं बघायला लावत, असं सांगतात. त्या गोलाला एसी नव्हता. तुम्ही बीकेसीत कॉन्फरन्स रूम बुक करा, 11 ते 4, जेवणासकट. बोलवायचं कुणाला? आठ मॅनेजर, आयटीतले दोघं, ऑडिटवाले एक. ज्या मॅडम बावीस वर्षं बिलं पास करतायत त्यांना मात्र बोलवू नका. महिनाअखेर आहे, त्यांना काम असतं.

भिंतीवर प्रोसेसची एकेक पायरी लिहिलेल्या रंगीत चिठ्ठ्या लावायच्याच. चिठ्ठी गठ्ठ्यातून खालून वर ओढली की वळते आणि थोड्या वेळाने गळून पडते. बाजूने सोलून काढली तर सपाट चिकटते. हे कुणाला सांगू नका. रात्रीत निम्म्या चिठ्ठ्या खाली पडतात, सकाळी हाउसकीपिंगवाले त्या झाडून नेतात, आणि उरतात तेवढ्याच पायऱ्यांची प्रोसेस होते. इतकी झटपट सुधारणा पुढे सबंध प्रोजेक्टमध्ये होणार नाही.

आता चित्र. बीपीएमएन ही प्रोसेसचं चित्र काढायची चिन्हांची पद्धत 2013 पासून आयएसओ 19510 म्हणून आंतरराष्ट्रीय मानक आहे, तेव्हा ती वापरल्याशिवाय इभ्रत नाही. बारीक कडेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड कडेचं म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम, आणि डायमंड म्हणजे वाट फुटते ती जागा. डायमंडमध्ये फुली असेल तर वाटांपैकी एकच धरायची; अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या एकदम. तुम्ही फुलीने फोडा आणि अधिकने जोडा. एक लाखापर्यंतचं बिल थेट अकाउंट्सला, त्यावरचं साहेबांकडे, आणि पुढे दोन्ही वाटा अधिकच्या डायमंडला नेऊन मिळवायच्या. तो डायमंड दोन्हीकडून येणाऱ्यांची वाट बघत राहतो, आणि एका बाजूने तर कुणी निघालेलंच नसतं. बिल तिथे कायमचं अडकतं. अधिकने फोडून फुलीने जोडलं तर उलटं होतं, पुढचं काम दोनदा होतं, म्हणजे पेमेंटही दोनदा. त्यापेक्षा पहिली चूक बरी. निदान ती वस्तुस्थितीशी जुळते.

वेंडर ही बाहेरची पार्टी. तिचा पूल, म्हणजे एका पार्टीची सगळी कामं मावणारी मोठी चौकट, वेगळा काढायचा असतो आणि दोन पूलांमध्ये निरोपाची तुटक रेघच जाऊ शकते, कामाची सलग रेघ हद्द ओलांडत नाही. तुम्ही वेंडरला आपल्याच पूलमध्ये एक लेन, म्हणजे एखाद्या खात्याला देतात तसा पट्टा, देऊन टाका, म्हणजे वसईचा माणूसही आपल्या हुकमात असल्यासारखा दिसतो. चौकटीत ‘बिल आणि चलन ताडून पाहणे’ असलं उघडंवाघडं लिहू नका. ‘प्रोसेसिंग’ लिहा. त्यात काहीही बसतं. पानभर मावेल इतकंच मुख्य चित्र काढून बाकीचं पोटचित्रांत टाकावं, असं जाणकार म्हणतात. पण 140 चौकटी एकाच कागदावर घेतल्या की फोर्टात जाऊन ए-झीरोवर, म्हणजे भिंतभर कागदावर, प्लॉट मारून घेता येतो. भिंतीवर लावल्यावर साहेब लांबून बघतात आणि मान डोलावतात. लांबूनच बघू द्या.

चित्रात फक्त गुण्यागोविंदाने जाणारं बिल दाखवायचं. पीओ (खरेदीची ऑर्डर) आली, माल आला, गोदामाने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केली, बिल आलं, तिन्ही जुळलं, पैसे गेले. प्रत्यक्षात काय होतं? पीओ 500 कार्टनची, बिल 500 चं, आणि जीआरएनमध्ये 480. वीस कमी आले, की भिजले म्हणून बाजूला काढले, की मोजणाऱ्याची चहाची वेळ झाली, हे सिस्टीमला माहीत नाही. मॅडमना माहीत असतं. त्या भिवंडीला फोन लावतात, गोदामवाला म्हणतो, “वीस ओले होते हो, परत दिलेत, चिठ्ठी टेम्पोवाल्याकडे आहे.” मग त्या आपल्या एक्सेलमध्ये ती ओळ पिवळी करतात. पिवळं म्हणजे गोदामाकडून यायचंय, लाल म्हणजे भाव जुळत नाही, निळं म्हणजे जीएसटी नंबर चुकलाय, आणि रंग नाही पण शेरा आहे तो म्हणजे ‘साहेबांना विचारणे’. खरी प्रोसेस ती एक्सेल आहे. ती बघायला मागितलीत तर कोणत्या रंगाची किती बिलं आहेत हे मोजून दुखणं कुठलं ते दुपारपर्यंत सांगता येईल. म्हणून रिपोर्टमध्ये तिला ‘अनधिकृत समांतर नोंद’ म्हणा आणि नव्या चित्रातून काढून टाका. ओले कार्टन आपोआप वाळतील.

वेळ मोजायचा नसतो, विचारायचा असतो. “एका बिलाला किती वेळ लागतो?” असं विचारलं की प्रत्येक जण हाताखालून जाण्याचा वेळ सांगतो. सगळ्यांची बेरीज भरते, समजा, 22 मिनिटं. बिल ट्रेमध्ये पडून असतं तो वेळ कुणाच्याच खात्यावर नसतो, म्हणून तो कुणी सांगत नाही. तुम्हीही विचारू नका. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: आत साठलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं, म्हणजे सरासरी लागणारा काळ. टेबलांवर मिळून 780 बिलं पडली आहेत आणि रोज 30 सुटतात, तर 26 कामाचे दिवस. पाच दिवसांचा आठवडा धरला की झाले 36 दिवस. हा हिशेब चहा येईपर्यंत होतो, वर्कशॉप लागत नाही, म्हणूनच तो धंद्याला घातक आहे. आणि 26 दिवसांतली 22 मिनिटं म्हणजे पाव टक्कासुद्धा काम नाही, बाकी सगळं नुसतं पडून राहणं, हे तर साहेबांपुढे उच्चारूही नका.

हे पडून राहणं होतं दोन ठिकाणी. एक गोदामाच्या जीआरएनपाशी, दुसरं साहेबांच्या सहीपाशी, कारण साहेब सह्या शुक्रवारी एकदम करतात. सोमवारी टेबलावर आलेलं बिल चार दिवस काही न होता मुरतं, आणि शुक्रवारी साहेब नाशिकला गेले की अकरा. रोज पंधरा मिनिटं सह्यांसाठी ठेवा, असं साहेबांना सुचवायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच ते सुचवायचं नाही. त्याऐवजी बिल स्कॅन करून आकडे आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर घ्या. 22 मिनिटांची 11 होतील. स्लाइडवर ‘वेळेत 50 टक्के बचत’ लिहा. वसईच्या माणसाला 36 दिवस वजा 11 मिनिटं थांबावं लागेल, ते स्लाइडवर नको.

माणसं रिकामी दिसता कामा नयेत, हेही सांभाळा. कामं केव्हाही येतात आणि प्रत्येकाला वेळ कमीजास्त लागतो, अशा एका टेबलाचं रांगेचं साधं गणित आहे. टेबल 80 टक्के गुंतलेलं असेल तर दहा मिनिटांच्या कामाला सरासरी 40 मिनिटं रांगेत थांबावं लागतं. 90 टक्क्यांना 90 मिनिटं. 95 टक्क्यांना तीन तास दहा मिनिटं. विरारहून येणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही; भरलेल्या रुळांवर एक गाडी जराशी अडली की मागच्या सगळ्या कशा रखडतात, ते तो रोज बघतो. पण एमबीए केलेल्याला 95 टक्के म्हणजे कार्यक्षमता वाटते. त्याला तसंच वाटू द्या.

कुठे चूक सापडलीच तर एक सही वाढवा. चौघांच्या सह्या असल्या की पहिल्याला वाटतं पुढचे बघतील, शेवटच्याला वाटतं मागच्यांनी बघितलंय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, पण रीतसर सह्यांनिशी. आठ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर 95 टक्के काम बिनचूक, म्हणजे शंभरातली 66 बिलंच पहिल्या फेरीत सरळ पार होतात. बाकीची कुठून ना कुठून माघारी येतात. डॅशबोर्डवर मात्र आठही खाने हिरवे. गुणाकार करायला कुणी सांगितलेला नाही.

हिरव्याचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत उपयोगी बटण सांगतो: ‘वेंडरकडून माहिती अपेक्षित’. हे स्टेटस दिलं की घड्याळ थांबतं. संध्याकाळी साडेपाचला सगळी जुनी बिलं या स्टेटसला टाकायची आणि सकाळी साडेदहाला परत घ्यायची. सरासरी 36 वरून 9 दिवसांवर येते, एकही बिल लवकर न सुटता. घोळ इतकाच, की 2006 च्या एमएसएमई कायद्याचं घड्याळ या बटणाने थांबत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत, करार नसेल तर 15; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी कळवावी लागते, नाहीतर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. आणि वीस ओल्या कार्टनची तक्रार झालीय फोनवर, चिठ्ठी टेम्पोवाल्याकडे.

बजेट उरलंच असेल तर प्रोसेस मायनिंग करा, म्हणजे सिस्टीममधल्या नोंदींवरून सॉफ्टवेअरनेच प्रोसेसचं चित्र काढायचं. त्याला तीनच गोष्टी लागतात: बिल नंबर, काय केलं, केव्हा केलं. तिसरीत गंमत आहे. भिवंडीचा गोदामवाला आठवडाभराच्या जीआरएन शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सहामध्ये एकदम टाकतो. सॉफ्टवेअर सुंदर आलेख काढून सांगेल, की कंपनीचा सगळा माल शनिवारी अर्ध्या तासात येतो. शिफारस लिहा: शनिवारी जादा हमाल.

शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये डबेवाल्यांची स्लाइड हवीच. मुंबईत तिच्याशिवाय प्रोसेसचं प्रेझेंटेशन पास होत नाही. ‘सिक्स सिग्मा’ लिहा, म्हणजे दहा लाखांत 3.4 चुका. डब्याच्या झाकणावरच कुठे जायचं ते रंगवलेलं असतं, उचलणाराच ते वाचतो, आणि साहेबांच्या सहीसाठी डबा शुक्रवारपर्यंत थांबत नाही, हा तपशील गाळा.

चाचणी दहा बिलांवर घ्या, दहाही स्वच्छ, एकही पिवळं नको. नवी सिस्टीम सुरू करायची ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे अडचणी सांगायला कुणालाच फुरसत नसते. एप्रिलमध्ये मॅडमच्या एक्सेलमध्ये एक नवीन रकाना आलेला असेल: ‘नवीन सिस्टीममध्ये टाकलं का?’ तो भरायला बिलामागे चार मिनिटं लागतात. हा रकाना आपोआप भरला जावा यासाठी फेज-2 चा प्रस्ताव लगेच पाठवा. कॉन्फरन्स रूम मे महिन्यात सहज मिळते.