सागाचा भुसा करण्याची स्वस्त रीत

घरच्या सुतारकामासाठी 14 इंची बँडसॉ, म्हणजे 14 इंच व्यासाच्या दोन चाकांवर पट्टीसारखे ब्लेड फिरवणारी करवत, घेऊन झाला, तो पार्किंगच्या कोपऱ्यात बसला, खालच्या मजल्यावरच्या काकांनी येऊन आवाजाची चौकशी केली, आणि दोन इंच जाडीची सागाची फळी उभी चिरून तिच्यातून पातळ फळ्या काढण्याचा दिवस उजाडला की एकच किरकोळ प्रश्न उरतो, तो म्हणजे ब्लेड कोणते घ्यावे. हा प्रश्न किरकोळच आहे, हे आधी मनाशी पक्के करावे. यंत्रावर ज्याने महिन्याचा पगार घातला आणि सागावर त्याहून अधिक, त्याने ब्लेडवर दोनशे रुपये वाचवले नाहीत तर घरात तोंड कसे दाखवायचे?

इतिहास सोयीचा नाही, म्हणून तो वाचू नये. चाकांवर फिरणाऱ्या करवतीचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच घेतले होते. पण पात्याची दोन टोके जोडली की ती काही वेळातच सांध्यावर तुटत, त्यामुळे ही करवत बराच काळ कागदावरच राहिली. 1846 मध्ये आन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईने टिकणारा सांधा जमवला आणि तिचे हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने विकत घेतले, तेव्हा कुठे यंत्राला अर्थ आला. म्हणजे चाके, चौकट, टेबल सगळे सुचलेले होते आणि जवळजवळ चार दशके अडले होते ते ब्लेडपाशी. आपल्याला एवढे थांबण्याची गरज नाही, कारण कसाबसा घासलेला सांधा असलेले ब्लेड आपल्याकडे कुठेही मिळते. ते टेबलातून जाताना दर फेरीला ‘टक्’ असा आवाज करते. हा आवाज यंत्र चालू असल्याची खूण समजावी.

दात्यांच्या बाबतीत मात्र उदार असावे. उभ्या चिरण्यासाठी इंचाला 3 दाते, फार तर 4, पुढे झुकलेले आणि मधल्या खाचा खोल असलेले, असे जाणकार सांगतात. त्यांचे ऐकायला गेले तर एवढे पैसे देऊन दाते फक्त तीन, ही फसवणूक वाटणार नाही का? त्यापेक्षा इंचाला 14 दात्यांचे ब्लेड उचलावे. 6 इंच उंच फळी उभी धरली की तीन दात्यांच्या ब्लेडचे एका वेळी जेमतेम 18 दाते लाकडात असतात. आपल्या ब्लेडचे तब्बल 84. आता प्रत्येक दात्याने उकरलेला भुसा फळीच्या खालच्या कडेतून बाहेर पडेपर्यंत त्याच्या पुढच्या खाचेतच मावायला हवा, आणि 14 दात्यांमधली खाच मोहरीएवढीही नसते, हे खरे आहे. ती इंचभरातच भरते, मग दाते कापायचे सोडून घासू लागतात, लाकूड काळे पडते आणि पार्किंगभर सागाच्या धुराचा वास दरवळतो. काका पुन्हा खाली येतात.

अशा वेळी हात आवरू नये, फळी जोर लावून पुढे रेटावी. माझा अनुभव सांगतो. जुन्या वाड्याच्या दाराची फळी मी अशीच रेटली होती. वरची कड पाहिली तर 8 मिलिमीटर, खालची पाहिली तरी 8 मिलिमीटर. काम इतके सुबक झालेले पाहून मी स्वतःलाच चहा केला. मग फळी उजेडापुढे आडवी धरली, बोटांच्या चिमटीत मधला भाग चाचपला, आणि तिथे ती 3 मिलिमीटर भरली. ब्लेड आतल्या आत धनुष्यासारखे वाकून गेले होते आणि दोन्ही कडांना त्याने पत्ता लागू दिला नव्हता. स्वस्त ब्लेडचा हा गुण जाहिरातीत कोणी सांगत नाही.

दात्यांवर मन बसत नसेल तर रुंदी पाहावी. अर्ध्या इंचाचे ब्लेड दिसायला किरकोळ आणि एक इंची कसे भारदस्त. अर्ध्या इंचाची जाडी साधारण 0.025 इंच, एक इंचीची 0.035, म्हणजे तेवढाच ताण आणायचा तर जवळजवळ तिप्पट जोर हवा, आणि 14 इंची यंत्राची ब्लेड ताणून धरणारी स्प्रिंग त्या कल्पनेनेच दबून बसते. शिवाय ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असावी असा जुना ठोकताळा आहे. आपल्या चाकाला तो 0.014 इंच येतो, म्हणजे अर्ध्या इंचाचे ब्लेडसुद्धा आधीच उधारीवर चाललेले असते. साडेत्र्याण्णव इंच लांबीचे ब्लेड मिनिटाला तीन हजार फूट पळते तेव्हा त्याच्या सुमारे 385 फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत ते दोनदा वाकून सरळ होते. जाड पोलाद हे किती मिनिटे सोसेल, याची पैज मुलांशी लावता येईल.

हिशेबाची वही मात्र उघडू नये. उघडलीच तर असे दिसते की 50 मिलिमीटर फळीतून 6 मिलिमीटरच्या तयार फळ्या हव्या असतील आणि ब्लेड सरळ, मिलिमीटरभर फट पाडणारे असेल, तर रंध्याला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर ठेवूनही सहा फळ्या निघतात. ब्लेड दीड मिलिमीटर खात असेल आणि पोक काढण्यासाठी रंध्याला दोन्हीकडे दीड मिलिमीटर द्यावे लागत असेल, तर चार. गेलेल्या दोन फळ्यांच्या सागाची किंमत आणि वाचवलेले दोनशे रुपये एकाच पानावर लिहू नयेत. घरातल्या कोणाच्या हाती ते पान लागले तर अवघड जाते.

एका ठिकाणी मात्र मी गंमत करत नाही. पाडलेल्या वाड्याची तुळई चिरायची असेल, तर तिच्यात कुठे ना कुठे मोडका खिळा असतोच. तिथे साधे कार्बन पोलादाचे, पण इंचाला 3 दात्यांचे ब्लेड लावण्यातच शहाणपण आहे. खिळा लागला की ते मरते आणि आपण फारसे रडत नाही. त्याच्या कित्येक पट किमतीच्या कार्बाइडच्या अतिकठीण दात्यांच्या ब्लेडचे टवके त्याच खिळ्यावर उडाले, तर जेवण जात नाही. बिनखिळ्याच्या नव्या सागाचे गणित वेगळे. सागातच सिलिका असते, ती साध्या दात्यांची धार भराभर खाते, आणि लवचीक पोलादी पट्टीवर कोबाल्टयुक्त कठीण दाते असलेले बायमेटल ब्लेड तिथे महाग असूनही स्वस्त पडते. पण हे सांगून मी माझाच लेख बिघडवतो आहे.

तर ब्लेड बोथट झाले की दोष त्याला देऊ नये. आधी फेन्स, म्हणजे फळी टेकवायचा सरळ आधार, बदलावा, मग ब्लेडला सरळ धरणाऱ्या गाइडच्या बेअरिंगा, मग चाकांवरचे रबर, आणि तरीही फळीला पोट सुटत राहिले तर लाकूड ओले दिले म्हणून वखारवाल्याशी भांडावे. या सगळ्यात बायमेटलची चार ब्लेडे सहज आली असती, पण ती रक्कम ‘यंत्राची सुधारणा’ या खात्यावर पडते, ब्लेडच्या नव्हे, आणि काटकसरीचा विक्रम अबाधित राहतो. जुने ब्लेड तीन वेटोळी करून खिळ्याला टांगावे आणि त्याच दुकानात जावे. दुकानदार आता चेहरा ओळखतो. ‘साहेब, दोन घेतलीत तर वीस रुपये कमी करतो,’ असे तो आपणहून म्हणेल. दोन घ्यावीत.